ऑटिझम असलेल्या तरुणांना खानदेशात काम कसं मिळवून द्यायचं आणि ते टिकवायचं कसं

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गावातल्या घरी जा, पोरगं अठरा-वीसचं झालं, शाळा संपली की आईबापाचा प्रश्न एकच, आता दिवसभर याने करायचं काय. ऑटिझमवर, म्हणजे स्वमग्नतेवर, जी माहिती मिळते ती सगळी लहान मुलांची, थेरपीची, शाळेची. मोठ्यांच्या नोकरीबद्दल विचारलं तर बंगलोरचं उदाहरण देतात, सॅप या सॉफ्टवेअर कंपनीने २०१३ पासून ऑटिस्टिक लोकांना घ्यायला सुरुवात केली वगैरे. चांगलंच आहे ते, पण आपलं पोरगं बंगलोरला जाणार नाहीये, त्याला भुसावळ, पारोळा, शिरपूर इथेच घरून डबा घेऊन जाता येईल असं काम पाहिजे. त्यासाठी हे लिहितोय.

माझा धाकटा भाऊ निलू (घरातलं नाव) ऑटिस्टिक आहे, जळगावला ड्रिप (ठिबक) आणि पाईप फिटिंगच्या एका डीलरकडे गोडाऊनला कामाला आहे आणि आता तिथे चांगला रुळलाय. आधीच्या ठिकाणी जमलं नव्हतं. दोन्हीकडे काम तो सारखंच चांगलं करायचा, फरक पडला तो बाकीच्या गोष्टींनी, म्हणजे कोण काम सांगतं, कसं सांगतं, काम संपल्यावर काय करायचं, चहाला कुठे बसायचं अशा. म्हणून खाली काम मिळवण्यापेक्षा टिकवण्यावर जास्त लिहिलंय, वाचताना आपल्या माणसाप्रमाणे कमीजास्त करून घ्या, कारण ऑटिझम दोन जणांचा सारखा नसतो.

१. कागदं आधी

कंटाळवाणं आहे पण इथूनच सुरुवात करा. आज पंचवीस-तिशीत असलेल्या बऱ्याच जणांच्या जुन्या सर्टिफिकेटवर 'मतिमंद' एवढंच लिहिलेलं असतं. कारण १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सातच प्रकार होते आणि त्यात ऑटिझम नव्हताच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आले, ऑटिझम त्यात वेगळा आहे. तर जुनं सर्टिफिकेट असेल तरी तपासणी करून नवीन घ्या. आरक्षणात दोन्ही एकाच गटात येतात त्यामुळे तिथे फार फरक नाही, पण मालकाच्या हातात 'मतिमंद' लिहिलेला कागद गेला की तो पोराला झाडलोटीच्या पुढचं काही देतच नाही.

अर्ज स्वावलंबन कार्डच्या (यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र) सरकारी पोर्टलवर ऑनलाईन करायचा, मग सरकारी दवाखान्यात तपासणीला बोलावतात. ऑटिझमसाठी भारतीय मोजपट्टी आहे, तिला आयसा म्हणतात, त्यात चाळीस मुद्दे असतात, प्रत्येकाला मार्क, आणि एकूण ७० किंवा वर गेलं तर ऑटिझम धरतात. त्या मार्कांवरून दिव्यांगत्वाचे टक्के ठरतात, आणि बरेच सवलतीचे दरवाजे ४० टक्क्यांपासून उघडतात. कार्डाचा रंगही त्यावर असतो, ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि पुढे निळा.

तपासणीच्या दिवशी दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, आईला नक्की न्या, कारण लहानपणी बोलायला कधी लागला, एकच खेळणं कसं फिरवत बसायचा हे सगळं विचारतात आणि ते तिलाच आठवतं. जुने शाळेचे रिपोर्ट, मोबाईलमधले व्हिडिओ असतील तर तेही न्या. दुसरं, आपल्याकडे सवय असते की डॉक्टरसमोर जायचं म्हणून घरून पोराला पढवून न्यायचं, नीट बस, डोळ्यात बघ, हात हलवू नको. असं करू नका. मोठ्या वयाचा माणूस दहा मिनिटं कसाबसा सांभाळून बसतो आणि मग तुम्हाला ऐकायला मिळतं 'हा तर चांगला बोलतो, याला कसला ऑटिझम'. आम्ही हे वाक्य ऐकलंय.

जवळ ठेवायची फाईल:

- दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, मूळ आणि झेरॉक्स. कार्डावर मुदत आहे का ते बघा, तात्पुरतं असेल तर तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहा
- आधार आणि पॅन. नावाचा क्रम आणि स्पेलिंग सगळीकडे एकसारखं पाहिजे. आपल्याकडे कुठे आडनाव पहिलं कुठे शेवटी, त्यातच निम्मी कामं अडकतात
- शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, कुठला कोर्स केला असेल तर त्याचं सर्टिफिकेट
- त्याच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक, वडिलांच्या खात्यावर पगार नको
- अधिवास प्रमाणपत्र, सरकारी फॉर्मला लागतं
- पासपोर्ट फोटो थोडे जास्तच
- एका पानाची ओळख, तिच्याबद्दल पुढे सांगतो

कार्ड लवकर काढून देतो, टक्के वाढवून देतो म्हणणारे एजंट दवाखान्याच्या गेटवर भेटतात. त्यांच्याकडे वळूसुद्धा नका. कार्ड आलं आणि टक्के ४० किंवा वर असले की एसटीत ७५ टक्के सवलत मिळते, रोज धरणगाववरून जळगावला ये-जा करणाऱ्याला महिन्याकाठी हा मोठा फरक आहे.

२. पोराला काय जमतं ते कागदावर उतरवा

घरच्यांना वाटतं आपल्याला सगळं माहितीये. आठवडाभर वही घेऊन बघा, वेगळंच निघतं. काय बघायचं तर, आवाज किती सहन होतो (मिक्सर चालतो पण लग्नातला डीजे नाही, असं नेमकं), वास, धूळ, उकाडा, किती वेळ सलग बसतो किंवा उभा राहतो, वाचून समजतं का ऐकून का बघून, मोजता येतं का, एकटा रिक्षाने किंवा एसटीने जातो का, अनोळखी माणसाने हाक मारली तर काय करतो, काम मध्येच थांबवलं तर काय होतं.

आणि त्यालाच विचारा. हे सगळ्यात जास्त राहून जातं. मामा म्हणतात दुकानात बसवा, आत्या म्हणते मंदिरात सेवेला पाठवा, पोराला कोणी विचारत नाही. बोलत नसेल तर फोटो दाखवून विचारा, दोन-तीन जागी नुसतं फिरवून आणा आणि घरी आल्यावर तो कसा असतो ते बघा. निलूला गाड्यांचे नंबर लिहायचा नाद, त्यावरून आम्ही ठरवलं याला गाड्यांजवळचं काम आवडेल. त्याला गाड्या नकोच होत्या, नंबर पाहिजे होते.

३. जाहिरातीच्या मागे लागू नका, दुकानातलं अडलेलं काम शोधा

पेपरमधल्या जाहिरातीत 'स्मार्ट, बोलका, टू व्हीलर असलेला' असाच माणूस मागतात. आपल्याला बघायचं ते असं काम जे मालकाचं रोज मागे पडतं, सगळ्यांनाच करायचा कंटाळा येतो आणि चुकलं तर पैसे जातात.

आपल्या भागात अशी कामं आहेत, उघड्या डोळ्यांनी बाजारात फिरा. ड्रिप-पाईपच्या गोडाऊनला फिटिंग मोजून पिशव्या भरणं. औषधांच्या होलसेल एजन्सीत एक्स्पायरी तारखा तपासून बॉक्स वेगळे काढणं, यात आमच्या ओळखीची एक मुलगी आहे आणि तिच्या नजरेतून एक स्ट्रिप सुटत नाही. टॅक्सवाल्यांकडे बिलं लावणं, स्कॅनिंग, एन्ट्री. टिश्यू कल्चर केळीच्या नर्सरीत ट्रे भरणं, रोपांची निवड, हे शांत काम आहे आणि झाडं कोणाला टोमणे मारत नाहीत. कॉलेजची लायब्ररी. बेकरीत पॅकिंग.

काही जागा जरा जपून. डाळ मिलमध्ये आवाज आणि भुसा दोन्ही, पण पॅकिंगचा विभाग वेगळ्या शेडमध्ये असेल तर चालू शकतं. चटईच्या कारखान्यात मशीनचा ठोका दिवसभर आणि शिफ्ट लांब. रावेर-सावद्याकडे केळीच्या ट्रकवर आरडाओरडा, कधी पहाटे कधी रात्री, वेळेचा पत्ता नाही. नंदुरबार, दोंडाईचाच्या मिरचीत तर साधा माणूस शिंकून बेजार होतो, पण एखाद्याला वासाचं काहीच वाटत नाही, म्हणून वही बघूनच ठरवा. पेट्रोल पंप मात्र माझ्या मते नकोच, हॉर्न, सुट्टे पैसे आणि घाईतली माणसं, तिन्ही एकदम.

मुलगी असेल तर जागा बघताना कामाच्या आधी येण्याजाण्याचा रस्ता, बाथरूम कुठे आहे, तिथे दुसरी बाई कामाला आहे का, हे बघा. यात लाजू नका, मालकाला सरळ विचारा.

नावनोंदणी पण करून ठेवा, राज्याच्या महास्वयम रोजगार पोर्टलवर आणि केंद्राच्या एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) पोर्टलवर दिव्यांग म्हणून नोंद होते, आणि जिल्ह्याचं कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असतं तिथे समक्ष जाऊन या. प्रशिक्षणासाठी पीएम दक्ष पोर्टल आहे. पण खरं सांगू का, आपल्याकडे छोट्या फर्ममध्ये काम ओळखीनेच मिळतं. गल्लीतल्या कोणाचा मेहुणा कुठल्या गोडाऊनला आहे ही चौकशी पोर्टलपेक्षा पुढे जाते.

४. शेठला काय सांगायचं

आधी पोराशी बोलून घ्या की आपण ऑटिझमबद्दल सांगणार आहोत, चालेल ना. सांगावं का नाही हा निर्णय त्याचा. माझं मत सांगाल तर छोट्या जागी सांगितलेलं बरं, कारण न सांगता लोक दोन दिवसात ओळखतातच आणि मग स्वतःच्या मनाने नाव ठेवतात.

'शेठ, पुण्य लागेल तुम्हाला' असं बोलून नोकरी मागू नका. पुण्याची नोकरी शेठचा मूड असेपर्यंत टिकते आणि पगारही पुण्याच्या हिशोबानेच देतात. मी साधारण असं बोललो होतो:

'शेठ, माझा भाऊ मोजणीत पक्का आहे. त्याला ऑटिझम आहे. एका वेळी एक काम, लिहून दिलं तर चोख करतो. पाच जण एकदम बोलले की अडकतो. सुरुवातीला मी सोबत थांबेन. रोजाने पैसे द्या, आणि नाही पटलं तर तोंडावर सांगा, वाईट वाटून घेणार नाही.'

शेठ विचारतात, 'मारतो-बिरतो तर नाही ना भाऊ?' हे विचारतातच, रागावू नका. खरं ते सांगा. आमचं उत्तर होतं, नाही, पण फार गोंधळ झाला तर कानावर हात धरून बाजूला जातो, दहा मिनिटांनी परत येतो, तेव्हा हात लावू नका, एवढंच.

सोबत ती एका पानाची ओळख द्या. वर नाव, मग काय चांगलं येतं, कसं सांगितलं की कळतं, काय त्रास होतो, त्रास झाला तर काय करायचं, कोणाला फोन करायचा. मोठ्या अक्षरात, मराठीत. डॉक्टरी भाषा एक शब्द नको. हे पान शेठपेक्षा सुपरवायझरला जास्त कामाचं.

५. मुलाखत टाळा, काम करून दाखवा

'स्वतःबद्दल सांगा' या प्रश्नावर निलूने एकदा रक्तगटापासून सुरुवात केली होती. मुलाखतीत जे तपासतात, नजर, हसणं, गप्पा, त्याचा पिशवी भरण्याशी काही संबंध नाही. म्हणून सरळ म्हणा, प्रश्न विचारण्यापेक्षा दोन-तीन दिवस काम देऊन बघा. मोठ्या कंपनीत मुलाखत चुकवता येत नसेल तर प्रश्न आधी लिहून मागा, आणि खोलीत दोनच माणसं असू द्या अशी विनंती करा. कायद्याने दिव्यांग माणसाला कामाच्या जागी वाजवी सोयी देणं अपेक्षित आहे, हे उपकार मागणं नाही.

इथला सापळा फुकट ट्रायलचा. 'शिकू द्या महिनाभर, मग बघू' आणि तो महिना संपतच नाही. आधीच ठरवा किती दिवस, किती रोज, आणि व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकून ठेवा की काल बोलणं झालं त्याप्रमाणे अमुक तारखेपर्यंत अमुक रोजाने. नंतर तोंडी काय ठरलं यावर भांडण होत नाही.

६. पहिले काही आठवडे, इथे खरी मेहनत आहे

परदेशात जॉब कोच असतात, कामावर सोबत जाऊन शिकवणारा माणूस. पद्धत अशी की आधी कामावर ठेवायचं आणि तिथेच शिकवायचं, कारण घरी शिकलेलं बऱ्याच ऑटिस्टिक लोकांना दुसऱ्या जागी जसंच्या तसं वापरता येत नाही. आपल्याकडे हा कोच म्हणजे भाऊ, बहीण, बाप, नाहीतर एखादा रिटायर झालेला मास्तर. कोणीतरी सुट्टी काढून जायलाच लागतं.

आमच्या गोडाऊनचं सांगतो म्हणजे कळेल. शेतकऱ्याची ऑर्डर काउंटरवरून अर्ध्या चिठ्ठीवर यायची, शेठच्या अक्षरात, 'ग्रो. टे. २००, जॉ. ५०, एं. कॅ. २००, बॉल व्हॉ. थोडे'. बाकी पोरांना सवय, ते ग्रोमेट, टेकऑफ, जॉइनर, एंड कॅप भराभर टाकायचे, ग्रोमेट दोनशेच्या ठिकाणी एकशे नव्वद का होईना. निलू 'थोडे' या शब्दावर थांबला तो थांबलाच. थोडे म्हणजे किती, हे कोणी सांगेना आणि तो पुढे जाईना, लोकांना वाटलं बंद पडला.

मग आम्ही काय केलं, प्रत्येक क्रेटवर त्याच मालाचा एक पीस पारदर्शक टेपने चिकटवला आणि मोठा नंबर लिहिला. चिठ्ठीचा छापील नमुना केला, क्रेट नंबर, किती नग, आणि शेवटी बरोबरची खूण करायला चौकोन. 'थोडे', 'अंदाजे', 'बघून घे' हे शब्द बंद. हा नमुना नंतर सगळेच वापरायला लागले कारण शेतातून माल कमी आल्याचे फोन कमी झाले. आणि शेठच्या लक्षात आलं की सोय निलूसाठी केली पण पैसे आपले वाचले. तुम्ही जी सोय मागाल ती अशी मागा की दुकानाचाही फायदा दिसला पाहिजे.

दुसरी अडचण रिकाम्या वेळेची. चिठ्ठ्या संपल्या की तो रॅकजवळ उभा राहायचा, अर्धा अर्धा तास. लोक म्हणायचे आळशी. कोणी सांगितलंच नाही तर कसं कळणार त्याला की रिकामं असल्यावर झाडू घ्यायचा. भिंतीवर दुसरी यादी लावली, 'चिठ्ठी नसेल तेव्हा': रिकामे खोके सपाट करणं, मग चार नंबरची रॅक पुसणं, मग राजूदादाला जाऊन विचारणं.

राजूदादा हा महत्त्वाचा. काम सांगणारा माणूस एकच पाहिजे, शेठ, शेठचा मुलगा, मुनीम, ड्रायव्हर सगळ्यांनी हुकूम सोडला की संपलं. असा एक माणूस शोधा ज्याचा आवाज चढत नाही, आणि त्याला शेठसमोरच ही जबाबदारी द्या.

आणि स्वतः मागे सरका. आधी शेजारी उभं राहायचं, मग गोडाऊनच्या दुसऱ्या टोकाला, मग बाहेर चहाच्या टपरीवर, मग घरी आणि फोन चालू. हे न करणारे बरेच बघितलेत, आई रोज डबा घेऊन कामावर, पोराच्या आधी तीच उत्तर देते, आणि ज्या दिवशी तिच्या पायात कळ येईल त्या दिवशी नोकरी बंद.

७. कुठेच न लिहिलेले नियम

काम न जमल्याने फार कमी नोकऱ्या जातात, यांनी जातात.

चहाची वर्गणी किती आणि कोणाकडे द्यायची. डबा कोणासोबत खायचा, का एकट्याने खाल्लं तर चालतं (चालतं, पण इतरांना सांगून ठेवा की तो रुसलेला नाही). बाथरूमला विचारून जायचं का न विचारता. कोणी 'काय भो, लग्न कधी' म्हटलं तर हसून सोडायचं का उत्तर द्यायचं. हे एकेक करून सरळ शब्दात सांगावं लागतं, लिहून दिलं तर उत्तम.

खरं बोलण्याचं एक प्रकरण असतंच. गिऱ्हाईकाने विचारलं, हा व्हॉल्व पाच वर्षं चालेल ना, आणि निलू म्हणाला नाही, परवाच एक परत आला. शेठचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. खोटं बोल असं त्याला शिकवता येत नाही आणि शिकवूही नये, म्हणून नियम केला, गिऱ्हाईक भाव किंवा क्वालिटी विचारेल तर एकच वाक्य, 'काउंटरवर विचारा'. तेव्हापासून प्रश्न आला नाही.

भाषेचं पण. घरी गल्लीत सगळे अहिराणी बोलतात पण निलू टीव्ही ऐकून शिकला, त्यामुळे बोलणं एकदम पुस्तकी, 'कृपया मला सरकू द्या'. गोडाऊनमधले म्हणायचे, 'पोऱ्या काम तं भारी करस, पन बोलस मास्तरसारखा'. हे प्रेमातलं होतं, चाललं. पण कधी कधी पोरं गंमत म्हणून शिव्या शिकवतात, मालकाला जाऊन बोलायला लावतात, दुसऱ्याचं काम अंगावर टाकतात, मोबाईल घेऊन यूपीआयने पैसे उडवतात. हा छळ आहे, मस्करी नाही. दर रविवारी पोराला नेमके प्रश्न विचारा, 'काही त्रास आहे का' असं विचारलं तर नाहीच म्हणेल. विचारायचं, या आठवड्यात तुझा मोबाईल कोणी घेतला, पैसे कोणी मागितले, कोण ओरडलं, अंगाला कोणी हात लावला. यूपीआयची मर्यादा कमी करून ठेवा आणि पिन कोणाला सांगायचा नाही हा नियम भिंतीवरच्या यादीत पहिला.

८. पगार आणि कागदोपत्री हक्क

पगार बँकेतच घ्या. हजेरीची वही त्याने स्वतः भरावी. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असलेल्या ठिकाणी दिव्यांग कामगाराला २५ हजारांपर्यंत पगार असला तरी संरक्षण मिळतं, इतरांना ती मर्यादा २१ हजार आहे, मालकांना बऱ्याचदा हे माहीत नसतं.

वीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या खाजगी फर्मने दिव्यांगांसाठी समान संधीचं सविस्तर धोरण ठरवायचं असतं. तुमची फर्म लहान असेल तर हे कलम दाखवून काही होत नाही, तिथे गोडीगुलाबीच.

पालकत्वाबद्दल घाई करू नका. नॅशनल ट्रस्ट (ऑटिझम वगैरे असलेल्यांसाठीची केंद्राची संस्था) कायद्यात अठरानंतर कायदेशीर पालक नेमता येतो, जिल्ह्याची स्थानिक समिती कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली असते. ज्याला गरज आहे त्याला तो मोठा आधार आहे. पण जो स्वतः सही करतो, खातं वापरतो, त्याच्यासाठी 'असू दे कामाला येईल' म्हणून अर्ज करायची गरज नसते. त्याच ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना मात्र बघा, वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो.

९. सगळं सुरळीत असताना अचानक बिघडतं तेव्हा

जवळजवळ प्रत्येक वेळी काहीतरी बदललेलं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसला जातो, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभं राहवत नाही म्हणून मालक वेळ बदलतात, सकाळी सातला या. आपल्याला सोय वाटते, त्याला वाटतं सगळा दिवस मोडला. त्यातच बागायती कपाशीच्या आधीचा ड्रिपचा सीझन, चिठ्ठ्यांचा ढीग, सगळे ओरडताहेत. आखाजीला (अक्षय्य तृतीया) निम्मा स्टाफ गावाला, राजूदादा पण नाही, आणि काम सांगायला कोणीतरी नवीनच.

म्हणून मोठं कॅलेंडर करा, त्यात सीझन, सण, वेळ बदलण्याची तारीख, राजूदादाची सुट्टी आधीच लिहा, शेठला सांगून ठेवा की बदल असेल तर दोन दिवस आधी कळवा. राजूदादा नसेल तेव्हा कोण, हे नाव पण आधी ठरलेलं पाहिजे आणि ओळख झालेली पाहिजे. रॅक हलवणार असतील तर हलवताना त्याला सोबत घ्या.

थकव्याच्या खुणा घरी दिसतात, कामावर नाही. डबा तसाच परत येतो, आल्या आल्या अंधारात पडून राहतो, एकच वाक्य जास्त वेळा म्हणतो, सकाळी पोट दुखतं. असं दिसलं तर आधी तास कमी करा. अर्ध्या दिवसाची नोकरी कमीपणाची नाही, चार तास वर्षानुवर्षं करणारा माणूस शेठला आठ तास करून दोन महिन्यात जाणाऱ्यापेक्षा परवडतो.

आणि कामावरच रडणं, ओरडणं झालंच तर गोडाऊनवाल्यांना आधी सांगून ठेवलेलं असावं: गर्दी करू नका, हात धरू नका, प्रश्न विचारू नका, ठरलेल्या कोपऱ्यात जाऊ द्या, पाणी ठेवा. व्हिडिओ कोणी काढायचा नाही, यावर शेठकडून सगळ्यांसमोर दम देऊन घ्या.

१०. सरकारी नोकरी

४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व या सगळ्यांत मिळून. म्हणजे जागा थोड्या आणि त्यातही कुठलं पद कोणाला चालतं याची यादी असते, जाहिरातीत नीट बघा. परीक्षेला पात्र उमेदवाराला तासाला किमान वीस मिनिटं जास्त वेळ मिळतो, पण तो फॉर्म भरतानाच मागायचा, हॉलवर जाऊन नाही. अभ्यास करणारं पोर असेल तर जरूर प्रयत्न करा, फक्त त्याची वाट बघत वर्षं घरात घालवू नका, हातातलं काम चालू ठेवून फॉर्म भरा.

११. नोकरी जमतच नसेल तर, आणि सुटली तर

काहींना दुसऱ्याच्या हाताखाली जमत नाही. घरचं काम उभं करता येतं, पापड-शेवया पॅकिंग, पणत्या, रोपवाटिका, स्कॅनिंग-टायपिंग, भांडवलासाठी राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे कर्जाची चौकशी करा. फक्त विकायला जाणारा माणूस घरातला दुसरा कोणीतरी पाहिजे, दोन्ही त्याच्यावर टाकू नका.

सुटली तर त्याच आठवड्यात अनुभवाचं पत्र घ्या, लेटरहेडवर, कुठलं काम केलं ते सविस्तर लिहून. पीएफ कापला जात असेल तर यूएएन नंबर (पीएफचा कायमचा नंबर) वहीत उतरवा. पोराला खरं कारण सोप्या शब्दात सांगा, 'शेठने गोडाऊन बंद केलं' किंवा 'आवाजाचा त्रास होत होता म्हणून आपण थांबलो', नाहीतर तो रोज सकाळी बूट घालून दारात उभा राहतो. उठायची, आंघोळीची, डब्याची वेळ तीच ठेवा. आणि पुढची चौकशी त्याच धंद्यातल्या दुसऱ्या दुकानात आधी करा, कारण माल तोच असतो, नावं तीच असतात, निम्मं शिकणं झालेलं असतं. जाताना अनुभवाचं पत्र, ती एका पानाची ओळख आणि चिठ्ठीचा छापील नमुना, तिन्ही फाईलला लावून न्या.